पदकं डावीकडे: निवृत्त महिला लष्करी अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रं काढताना

सत्तरी ओलांडलेल्या महिला लष्करी अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रं काढायला घेतली की कॅमेऱ्याआधी तारखा समजून घ्याव्या लागतात. वैद्यकीय शाखा सोडून इतर शाखांत महिलांना अधिकारी म्हणून घ्यायला भारतीय लष्कराने १९९२ साली सुरुवात केली. पहिली तुकडी मार्च १९९३ मध्ये तेव्हाच्या मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून बाहेर पडली. त्या तुकडीतल्या अधिकारी आज पन्नाशी ओलांडलेल्या आहेत, म्हातारपण अजून लांब आहे. म्हणजे १९७१ ची लढाई ज्यांनी सेवेत असताना पाहिली, त्या बहुतेक सगळ्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या, आणि काही आर्मी मेडिकल कोअरच्या डॉक्टर. नर्सिंग सर्व्हिसचा उगम १८८८ सालचा. त्या वर्षी मार्चमध्ये दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबईत उतरल्या. १ ऑक्टोबर १९२६ ला तिला कायम स्वरूप मिळालं, आणि १ ऑक्टोबर हाच तिचा स्थापना दिन. गर्ट्रूड ॲलिस राम १९७६ साली मेजर जनरल झाल्या, त्या हुद्द्यावर पोचलेल्या भारतातल्या पहिल्या महिला, आणि त्या याच सेवेतल्या.

हे सगळं आधी डोक्यात हवं. कारण फोनवर पहिल्याच मिनिटाला ‘तुम्ही आर्मीत नर्स होता ना?’ असं विचारलं, की समोरचा आवाज थंड होतो. त्या कमिशन घेतलेल्या, म्हणजे रीतसर अधिकारीपदावर नेमलेल्या अधिकारी आहेत. लेफ्टनंटपासून वर चढत गेलेल्या, प्रिन्सिपल मेट्रन म्हणून अख्ख्या इस्पितळाची शुश्रूषा सांभाळलेल्या.

आम्ही हे काम पुण्यात करतो. कमांड हॉस्पिटल, एएफएमसी (लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि वानवडी-कोंढवा-खडकी या पट्ट्यातल्या माजी सैनिकांच्या वसाहती यामुळे निवृत्त अधिकाऱ्यांची संख्या इथे मोठी आहे. त्यात केरळमधून सेवेत आलेल्या आणि नंतर पुण्यातच घर केलेल्या मॅडम बऱ्याच. बोलणं मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मधूनच मल्याळम असं सरमिसळ चालतं. छावणीच्या आवारात किंवा लष्करी इस्पितळात परवानगीशिवाय कॅमेरा काढता येत नाही, आणि परवानगीच्या कागदांत महिने जातात. म्हणून घरी जाऊन काढणंच बरं.

पहिल्या भेटीला कॅमेरा न्यायचा नाही. या भेटीत तीन गोष्टी करायच्या: कागद पाहायचे, पदकं पाहायची, खोली मोजायची.

कागदांत कमिशनचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम. त्यावर नाव आणि कमिशनची तारीख असते. पेन्शनच्या पीपीओवरून (पेन्शन मंजुरीचा आदेश) शेवटचा हुद्दा पक्का करता येतो. हे कागद फक्त वाचायचे आणि टिपून घ्यायचे. त्यांचे मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली वृद्ध पेन्शनरांना फसवणारे फोन रोजचे झाले आहेत, आणि पीपीओ क्रमांक आपल्या फोनमधून कुठे जाईल याची खात्री देता येत नाही. संमतीपत्र मात्र लेखी घ्यायचं: चित्र कुठे लावणार, ऑनलाइन टाकणार का, विकणार का, मॅडमच्या पश्चात हक्क कोणाकडे. चार ओळी पुरतात, पण मोठ्या अक्षरात छापून न्यायच्या.

नावाचा गुंता इथेच सोडवायचा. कमिशन लग्नाआधीचं, म्हणून कागदावर माहेरचं नाव. निवृत्ती सासरच्या नावाने. आणि सोसायटीच्या पाटीवर तिसरंच काहीतरी. चित्राखाली कोणतं नाव हवं ते मॅडमनाच विचारायचं आणि त्यांच्यासमोर लिहून त्यांना वाचायला द्यायचं. लष्करी रीत अशी की आधी हुद्दा, मग नाव, शेवटी कंसात ‘निवृत्त’. ‘निवृत्त ब्रिगेडियर अमुक’ असं छापलं की पाहायला आलेले चार माजी अधिकारी तरी तुम्हाला बाजूला घेऊन समजावतात.

आता पदकं. ती बहुधा कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली निघतात. बारवर, म्हणजे पदकं ओळीने धरणाऱ्या पट्टीवर, शिवलेली असली तर क्रम तपासायचा, सुटी असली तर लावून घ्यायचा. सर्वांत ज्येष्ठ पदक छातीच्या मध्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, आणि तिथून बाहेरच्या बाजूला क्रमाने उतरत जायचं. तारखांचा ताळा इथे कामाला येतो. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांचं, पन्नासाव्याचं १५ ऑगस्ट १९९७ चं. पूर्वी स्टार १९७१ च्या पूर्वेकडच्या आघाडीचा, पश्चिमी स्टार पश्चिमेकडच्या. १९७४ ला कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याच्या बारवर पूर्वी स्टार दिसला तर कुठेतरी गोंधळ आहे. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो: नवराही लष्करात होता आणि दोघांची पदकं एका डब्यात मिसळली. पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. भिंग घेऊन वाचलं की निकाल लागतो. कडेवर क्रमांकही असतो, तेव्हा अगदी जवळून फोटो काढताना कड फ्रेममध्ये येऊ द्यायची नाही.

पदकं ब्रासोने घासायची नाहीत. घरचे लोक हे हौसेने करून ठेवतात. पदकावरचा उठाव झिजतो, कडेवरची अक्षरं पुसट होतात आणि खाचांत पांढरी पूड बसते, ती चित्रात बुरशीसारखी दिसते. बसलेली पूड मऊ टूथब्रशने हलकेच झटकायची, धातू कोरड्या सुती फडक्याने पुसायचा, बस. काळवंडलेलं पदक काळवंडलेलंच चांगलं दिसतं. रिबन विटलेली किंवा कसर लागलेली असेल तर मात्र बदलून घ्यावी. रिबन साधारण ३२ मिलिमीटर रुंद असते आणि कॅम्पातल्या लष्करी साहित्याच्या दुकानात तुकड्याने मिळते. तिथेच बारवर नवीन माउंटिंग करून देतात. कोर्ट माउंट, म्हणजे मागे कडक पाठ आणि पदकं पक्की बसवलेली, असं मागायचं. झुलती पदकं खुर्चीत बसल्यावर एकमेकांवर चढतात आणि प्रत्येक फोटोत वेगवेगळ्या दिशेला वळलेली असतात.

काहींकडे पदकंच नसतात, आणि ही गोष्ट फोनवर कळत नाही, घरी गेल्यावर कळते. सेवा लहान असते. नर्सिंग सर्व्हिसमध्ये लग्न केल्यावर सेवा संपवण्याची तरतूद १९७७ च्या एका आर्मी इन्स्ट्रक्शनमध्ये होती. ती १९९५ साली मागे घेतली गेली. १९८८ मध्ये याच कारणावरून काढून टाकलेल्या एका लेफ्टनंटला ६० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशी पार्श्वभूमी असलेल्या मॅडम ‘माझं कसलं चित्र काढता, मी दोन-तीन वर्षंच होते’ म्हणून मोडता घालतात. त्यांचं चित्र इतरांच्याच मापाचं, त्याच प्रकाशात काढायचं. फक्त चौकट घट्ट करायची, छातीपाशी थांबायची. पदकांसाठी सोडलेली जागा रिकामी दिसता कामा नये. हातात कमिशनच्या वेळचा फोटो द्यायचा मोह होतो. एकीला दिला तर ठीक. प्रदर्शनात पाच जणींच्या हातात जुने फोटो दिसले की ते सोंग वाटायला लागतं.

गणवेश घालू का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, बहुतेक वेळा मुलाकडून किंवा नातवाकडून. आमचं उत्तर नाही असंच असतं. निवृत्तांनी गणवेश कधी घालावा याचे लष्कराचे नियम आहेत, तो भाग झालाच. शिवाय तीस वर्षांपूर्वीचा गणवेश अंगाला बसत नाही, ताणलेल्या बटणांकडे आधी नजर जाते आणि माणूस वेषभूषेत उभा केल्यासारखा दिसतो. स्वतःचे कपडे आणि स्वतःची पदकं एवढंच पुरतं.

पण साडीवर पदकं लावणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत किचकट प्रकरण आहे. पदकं डाव्या छातीवर लावायची, आणि पदरही डाव्याच खांद्यावर. आठ-नऊ पदकांचा बार पाव किलोच्या आसपास भरतो. रेशमी पदरावर तो नुसता टोचला तर पदर खाली ओढला जातो, बार पुढे कलतो आणि पदकं छातीपासून सुटून हवेत लोंबतात. दोन उपाय आहेत.

पहिला, साडीवर नेव्ही ब्लू ब्लेझर. माजी सैनिकांच्या कार्यक्रमांना बऱ्याच मॅडम असाच पोशाख करतात, त्यामुळे तो घरात असतो. इथे अडचण खांद्याची: पदराच्या निऱ्या एकावर एक येऊन ब्लेझरच्या आत डावा खांदा उजव्यापेक्षा उंच दिसतो. निऱ्या अरुंद न करता पदर पसरट घ्यायचा, खांद्यामागे सपाट पिन करायचा, मग ब्लेझर चढवायचा. बसल्यावर ब्लेझर मानेपाशी वर चढतो. मागचा घेर खाली ओढून त्यावरच बसायला सांगितलं की तो जागेवर राहतो.

दुसरा उपाय, ब्लेझर नको असेल तर: शिंप्याकडून जाड बक्रमचा (कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाचा) साधारण १८ × ८ सेंटीमीटरचा तुकडा आणायचा. तो पदराच्या आत, बारच्या बरोबर मागे ठेवायचा आणि बारच्या पिना पदर, बक्रम आणि ब्लाउज अशा तिन्ही थरांतून न्यायच्या. बारची वरची कड गळ्याच्या हाडाखाली चार बोटं. पैठणी किंवा कांजीवरमला भोकं पडतात, तेव्हा आधी विचारायचं. कडक इस्त्रीची सुती साडी या कामाला सर्वांत सोयीची. हे सगळं मॅडमच्या घरातल्या किंवा आमच्यातल्या बाईने करायचं, आणि दार लावून.

खोलीकडे वळू. पुण्यातल्या जुन्या सोसायटीत दिवाणखाना दहा बाय बारा फुटांचा, त्यात सोफा, दिवाण, शोकेस आणि टीव्ही. ८५ मिलिमीटरची लेन्स वापरायची तर कॅमेऱ्यापासून माणूस दोन मीटर आणि माणसापासून मागचा पडदा किमान सव्वा ते दीड मीटर हवा. म्हणजे साडेतीन मीटर लांबी लागते, आणि बारा फूट म्हणजे ३.६ मीटर. जेमतेम बसतं, तेही दिवाण सरकवून. नाही बसलं तर ५० मिलिमीटर, पण दीड मीटरच्या आत जायचं नाही. जवळ गेलं की नाक मोठं, कान लहान, आणि सगळ्यात पुढचा गुडघा राक्षसी. शोकेसच्या काचा आणि टीव्हीवर काळं कापड टाकायचं. ट्यूबलाइट बंद, तिचा हिरवट प्रकाश पांढऱ्या केसांत शिरतो आणि नंतर निघत नाही. फ्लॅश बॅटरीवरचा असावा, दुपारी वीज जाते.

खिडकीच्या उजेडावर भिस्त ठेवायची तर एक लक्षात घ्यावं, इथल्या प्रत्येक खिडकीला ग्रिल आहे. ऊन थेट आलं की तिची नक्षी चेहऱ्यावर उमटते. खिडकीवर पांढरं मलमल दुहेरी करून बांधलं की नक्षी जाते. आम्ही शक्यतो एकच मोठा दिवा लावतो: १२० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स (प्रकाश मऊ करणारी अष्टकोनी कापडी पेटी), चेहऱ्यापासून सव्वा ते दीड मीटरवर, बाजूने साधारण ४५ अंशांत. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा. ब्लेझर गडद आणि पडदाही गडद असेल तर खांद्याची कड हरवते, तेव्हा मागून एक छोटा दिवा. सुरकुत्या या प्रकाशात दिसतात, आणि दिसल्याच पाहिजेत. छोटा दिवा बाजूला लावून त्या खोदून काढायच्या नाहीत, एवढंच. म्हातारा चेहरा दिसला की छायाचित्रकाराचा हात आपोआप त्या नाट्याकडे जातो. हात आवरावा.

पदकांवर प्रकाश कसा पडतो याचा हिशेब साधा आहे आणि तो न केल्याने निम्मे फोटो वाया जातात. दिवा आणि कॅमेरा यांच्यात ४५ अंशांचा कोन असेल आणि छाती दिव्याच्या दिशेने त्याच्या निम्म्यावर, म्हणजे बावीस-तेवीस अंश वळली, तर पदकं दिवा सरळ लेन्समध्ये परत फेकतात आणि पांढऱ्या चकत्या होतात. ‘थोडं वळून बसा’ असं सांगितल्यावर माणूस नेमका तेवढाच वळतो. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावून ही चमक जात नाही. धातूवरच्या परावर्तनाला तो दाद देत नाही. छाती कॅमेऱ्याकडे जवळपास सरळ, पाच ते दहा अंशच वळलेली ठेवायची आणि फक्त चेहरा दिव्याकडे न्यायचा. तरी एखादं पदक भगभगलं तर दिवा एक वीत वर किंवा मागे. उठाव वाचता येईल इतकी हलकी झाक राहिली की झालं.

चष्म्यालाही हाच नियम. दिवा वर चढवत नेला की काचेतलं प्रतिबिंब निघून जातं. उरलं तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायच्या, काच खाली झुकते आणि चमक जमिनीकडे जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर मॅडमना खिडकीपासून दूर पाच-दहा मिनिटं बसवून ठेवावं लागतं, तोवर काचा उतरत नाहीत. चष्मा काढायला सांगू नये. चाळीस वर्षं चष्मा लावणाऱ्या माणसाचा चेहरा चष्म्याशिवाय त्याच्या घरच्यांनाही परका वाटतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आणखी एक: दिवा लेन्सच्या फार जवळ असला की डोळ्यातल्या कृत्रिम भिंगाची लकाकी बाहुलीत दिसते. दिवा बाजूला असला की ती येत नाही.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, मोठं उघडून (एफचा आकडा लहान ठेवून) मागचं धूसर करायची सवय इथे सोडावी लागते. ८५ मिलिमीटरवर, दोन मीटरवरून, एफ/१.८ ला सगळी मिळून सहा सेंटीमीटर खोली स्पष्ट मिळते. डोळे स्पष्ट आले तर पदकं धूसर. एफ/५.६ ला साधारण अठरा सेंटीमीटर, एफ/८ ला पंचवीसच्या वर. आम्ही एफ/८ वर राहतो आणि फोकस जवळच्या डोळ्यावर. शटर १/१६०. एक्स्पोजर पांढऱ्या केसांना आणि पदकांना सांभाळून. ब्लेझरमधला अंधार नंतर रॉ फाइलमधून उचलता येतो, जळालेले केस परत येत नाहीत. पहिल्या फ्रेममध्ये मॅडमच्या हातात ग्रे कार्ड, म्हणजे नंतर रंग जुळवायला लागणारं करडं कार्ड, द्यायचं.

खुर्ची आपली न्यावी. सोफ्यात माणूस रुततो, आणि स्टुलावर पंचाहत्तरीच्या माणसाला बसवणं धोक्याचं. हातांची लाकडी खुर्ची, बैठक ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच, म्हणजे गुडघ्याला त्रास न होता उठता येतं. पोक आलेलं असेल तर कमरेमागे छोटी उशी आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर किंवा दोन बोटं वर. खालून काढलेल्या फोटोत मान गायब होते आणि हनुवटी छातीला टेकल्यासारखी दिसते. चाकाची खुर्ची असेल तर ती चौकटीत ठेवायची की नाही हे मॅडमनी ठरवायचं. कानातलं यंत्रही तसंच. आम्ही स्वतःहून लपवत नाही.

वेळ सकाळी दहा ते बारा. नाश्ता आणि गोळ्या झालेल्या असतात, दुपारची डुलकी लांब असते. घरी जाऊन आवरून निघेपर्यंत दीड-दोन तास गेले तरी प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवायचं नाही. त्यानंतर खांदे उतरतात, हसू थकतं आणि चित्रात ते दिसतं. कॅमेरा तिपाईवर लावून शटर रिमोटने दाबायचं आणि आपण लेन्सच्या शेजारी उभं राहायचं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तुमचे ओठ दिसावे लागतात. कॅमेऱ्यामागून दिलेल्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि न ऐकलेल्या सूचनेवर त्या नुसतं गोड हसतात.

आणि संबोधन. मराठी घरांत पोरं सवयीने ‘आजी’ म्हणतात. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिली ताकीद हीच, मॅडम म्हणायचं. ‘आजी, इकडे बघा’ म्हटलं की मान कलते, हात मांडीत जुळतात आणि कौतुकाने पाहणारी आजी समोर येते. ‘मॅडम, शेवटचं पोस्टिंग कुठलं?’ असं विचारलं की पाठ खुर्चीपासून सुटते, हनुवटी सरळ होते आणि उत्तर हुद्द्यासकट, युनिटसकट, साल धरून येतं. वॉर्डात किती खाटा होत्या, रात्रपाळीला किती जणी होत्या, गाडी कधी यायची, असे प्रश्न विचारायचे. ‘तेव्हा कसं वाटलं’ विचारलं की भाषण सुरू होतं. उत्तर संपल्यानंतर तोंड मिटतं आणि नजर अजून तिथेच असते, त्या एक-दोन सेकंदांत शटर दाबायचं. आमच्या संग्रहातली चांगली चित्रं जवळपास सगळी याच क्षणाची आहेत.

त्या अर्ध्या तासात घरचे लोक दुसऱ्या खोलीत हवेत. मागे उभं राहून ‘आई, हस ना जरा’ म्हणणारा मुलगा आणि पदर सारखा करायला धावणारी सून, दोघंही प्रेमानेच करतात, पण आईची नजर लेन्सवरून उडते. त्यांना जुने अल्बम शोधायच्या कामाला लावावं. त्याचा खरोखर उपयोगही होतो.

जुने फोटो मिळाले की ते सोडवायच्या फंदात पडू नये. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढले की मागचा कागद सोलवटतो. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो, मुंबई-कोकणात राहून आलेल्यांकडे हमखास, ओढला तर इमल्शनच, म्हणजे चित्राचा थरच, काचेवर राहतं. आहे त्या जागी, वरून, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत सारखे दिवे लावून कॉपी करून घ्यायची. सुटा आणि सपाट असेल तरच स्कॅनर, ६०० डीपीआय.

रंगीत की कृष्णधवल, यावर आमच्यातही वाद झाले. म्हाताऱ्या चेहऱ्याला कृष्णधवल शोभतं हे खरं, आणि तेच त्याविरुद्धचं कारणही आहे: ते फुकट मिळणारं गांभीर्य आहे. शिवाय रिबनीचा अर्थ तिच्या रंगांत असतो. कृष्णधवल केलं की संग्राम पदक कोणतं आणि सैन्य सेवा पदक कोणतं हे जाणकारालाही रिबनीवरून सांगता येत नाही, सगळे करडे पट्टे. म्हणून चित्रं रंगीत, आणि ग्रे कार्डावरून रंग जुळवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

रिटचिंगला एकच कसोटी आहे: महिन्याभरात जाणारी गोष्ट काढायची, राहणारी ठेवायची. ब्लेझरवरचा दोरा, डासाचा चावा, औषधाने आलेला लाल डाग काढायचा. सुरकुत्या, वयाचे डाग, जुनी जखम ठेवायची. ‘डोळ्यांखालचं थोडं कमी करा’ अशी मॅडमची स्वतःची इच्छा असेल तर तिथला अंधार अर्धा स्टॉप उचलतो, त्वचेचा पोत मात्र पुसत नाही. मुलांनी सांगितलं तर ऐकत नाही.

सर्वांत घातक गोष्ट मात्र आमच्या टेबलावर घडत नाही, मांडणी करणाऱ्याच्या टेबलावर घडते. पानावर चेहरा आतल्या बाजूला बघावा म्हणून चित्र आडवं उलटवलं जातं. पदकं उजवीकडे जातात. उजव्या छातीवर पदकं लावतात ती शहिदांचे, दिवंगतांचे वारस. म्हणजे जिवंत अधिकारी एका क्लिकमध्ये कोणाची तरी विधवा होऊन बसते. साडीचा पदर उजवीकडे गेलेलाही अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण गुजराती पद्धतीने तो तसा घेतातच. फाइल देताना नावातच ‘उलटवू नये’ लिहायचं आणि छपाईचं प्रूफ स्वतः पाहायचं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घरच्यांनी काढलेला फोटो माहितीपत्रकात वापरायचा झाला तर तोही तपासायचा, काही फोन तो आरशातल्यासारखा उलटाच साठवतात.

छपाई १६ × २० इंचांची करतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० × ४००० असते. ४:५ मध्ये कापल्यावर ५००० × ४००० उरते, म्हणजे इंचाला २५० पिक्सेल. एवढं पुरतं, अट एकच की चौकट कॅमेऱ्यातच नीट बांधलेली असावी. नंतर कापाकापीला जागा नाही. कागद सुती, ३०० ग्रॅमच्या आसपासचा, मॅट, पिगमेंट शाईचा. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगावं लागतं: मागे ॲसिड नसलेला बोर्ड, फेव्हिकॉल नाही, चित्र फक्त वरच्या कडेला टेपने टांगलेलं, आणि काच व कागद यांच्यात माउंटचं अंतर. पूर्ण चिकटवलेला कागद जुलैत फुगतो आणि काचेला टेकलेल्या कागदावर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात. काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं तर वजन कमी होतं.

प्रदर्शन संध्याकाळी ठेवू नये; ज्यांची चित्रं आहेत त्यांनाच रात्री घरी परतणं जड जातं. सकाळी अकरा, तळमजला, रॅम्प, आणि दर तीन-चार चित्रांमागे एक हातांची खुर्ची. चित्राचा मध्य एरवी जमिनीपासून ५८ इंचांवर धरतात, आम्ही ५४ वर उतरवतो, चाकाच्या खुर्चीतूनही नीट दिसतं. ओळखपट्टी मराठीत आणि इंग्रजीत, २४ पॉइंटच्या खाली नाही: हुद्दा, नाव, निवृत्त, सेवा, कमिशनचं आणि निवृत्तीचं वर्ष. नर्सिंग सर्व्हिस आणि मेडिकल कोअर यांची अदलाबदल होऊ नये म्हणून पट्टी छापण्याआधी प्रत्येकीला फोनवर वाचून दाखवायची आणि दुरुस्ती आली तर पुन्हा वाचायची.

प्रदर्शन उतरलं की फ्रेम मॅडमच्या घरी जाते. मागच्या बोर्डावर मऊ पेन्सिलीने नाव, हुद्दा, तारीख लिहायची; बॉलपेनची खूण पुढे उमटते. नव्या इमारतींच्या काँक्रीटच्या भिंतीत खिळा जात नाही, तेव्हा हॅमर ड्रिल आणि रावळप्लग बरोबर न्यायचा आणि लावूनच निघायचं, नाहीतर फ्रेम वर्षभर कपाटामागे उभी राहते. थेट ऊन येणारी भिंत नको, न्हाणीघराला लागून असलेली नको. देवघराच्या वर लावा असा आग्रह हमखास होतो. तिथे उदबत्तीचा धूर आणि निरांजनाची काजळी असते, तेव्हा जागा दिवाणखान्यातच शोधायची.